पाळण्याच्या दांडीतलं बिऱ्हाड

लग्न होऊन सासरी आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी माझ्या कानात माशी शिरली. मी अशी किंचाळले की अर्धी आळी दारात गोळा झाली. सासूने माझी मान वाकडी करून कानात कोमट तेल सोडलं, आणि तेलाबरोबर तांदळाच्या कणीएवढा एक काळा ठिपका बाहेर आला.

"पोया हाय," सासू म्हणाली. "डसत नाय ती. नांगीच नाय तिला. कानान घुसंल, केसान घुसंल, बारीकशी चावंल. तवरंच." मग दारातल्या बायकांकडे वळून म्हणाली, "सुनेला माशीनी बघून घेतली, तुमीपन बघितली. आता जा घरा."

आमचं गाव खाडीच्या काठाला, उलव्याच्या अंगाचं. साठ साल अजून यायचं होतं. आता त्या भागाला नवी मुंबई म्हणतात. तेव्हा एका बाजूला मिठागरं होती, दुसऱ्या बाजूला खारीची भातं, आणि मधल्या उंचवट्यावर आमची घरं. माझं माहेर खाडीच्या पलीकडे, होडीने जायचं. नवरा मिठागरावर कामाला. दिवाळी झाली की मिठाचे वाफे धरायचे ते पाऊस येईपर्यंत, म्हणून तो बहुतेक तिकडेच खोपीत राहायचा. घरात सासू आणि मी. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. ननंद एकच, तीही माझ्याच मांडवात उजवून दिलेली.

मला मिळाली ती मागची खोली. तिच्या खिडकीच्या बाजूच्या भिंतीत पोयांचं घर होतं. बाहेरून दिसायची फक्त एक नळी, करंगळीएवढी, काळपट, चिकट, भिंतीतून पुढे आलेली. तिच्या तोंडाशी बारीक डोकी गोल करून बसलेली असायची. तो पहारा. त्यांच्यामधून बाकीच्या आत-बाहेर करायच्या आणि खिडकीच्या गजांमधून उडून जायच्या. शेवग्यावर, नारळावर, खाडीतल्या तिवराच्या फुलांवर. येताना मागच्या पायांना पिवळे गोळे. कधी काळे गोळे असायचे. आंब्याफणसाचा चीक तर त्या आणायच्याच, पण धक्क्यावर होड्यांना डांबर लावत असले की तेही ओरबाडून आणायच्या. नळीत सगळं खपत असे. सासू म्हणायची, कोळणीपेक्षा लबाड आहे ही जात, दुसऱ्याच्या होडीचं डांबर आणून आपलं दार रंगवते.

दरवर्षी भिंत लिंपताना सासू त्या नळीच्या भोवती बोटाने हळूच माती फिरवायची, नळीला धक्का न लावता. सर्दीखोकल्याला त्यांचा मध लागायचा. तो पोळ्यात नसतो. आत भिंतीत मेणाच्या आणि चिकाच्या बारीक कुप्या असतात, बोराएवढ्या, त्यांत भरलेला. आंबटगोड. सासूने भिंतीचा एक पोपडा सोडवून ठेवला होता. तो काढायचा, कडेच्या दोन कुप्या काडीने फोडायच्या, बोटावर घ्यायचं आणि पोपडा परत लावून टाकायचा. जास्त घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. एकदा ती म्हणाली, आत राणी आहे, पोट एवढं मोठं की पंख असून उडता येत नाही. "पोरं घालाला लागली का तिचा उडना संपला," असं म्हणून माझ्याकडे बघून हसली. मला तेव्हा दिवस गेले होते.

मुलगी झाली. नाव ठेवलं होतं, ते इथे लिहीत नाही.

आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी मूल घालत नाहीत, आधी वरवंटा घालतात. पाट्यावरचा वरवंटा धुवायचा, हळदकुंकू लावायचं, दुपट्यात गुंडाळायचा. मग बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून तो एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देतात, पाळण्याखालून, पाळण्यावरून, आणि मग त्याला पाळण्यात निजवतात. दगडासारखं मूल टिकू दे, असं त्यामागे आहे म्हणतात. मग दगड काढून मूल ठेवायचं. माझ्या मुलीच्या बारशालाही हे सगळं रीतसर झालं.

पाळणा घरचा जुना. लाकडाचा. वर वाशाला घट्ट बांधलेली जाड बांबूची दांडी, दांडीला भोकं पाडून आत ओवलेले दोर, आणि दोरांना खाली पाळणा. या घराची सगळी मुलं त्यात झोपली होती, नवरा आणि ननंद धरून. तो माझ्या खोलीत टांगला, खिडकीजवळ, वाऱ्याला.

पाऊस सरता सरता तिला ताप आला. पनवेलला न्यायची होती. खाडीला ओहोटी होती, होडी चिखलात बसलेली. भरतीची वाट बघत धक्क्यावर बसलो. भरती यायच्या आधी ती गेली.

मी रडले नाही. लोकांना वाटतं बाई रडू दाबते. दाबायला काहीतरी असावं लागतं. माझ्याकडे काही नव्हतं. छातीत दूध होतं, ते सासूने कोबीची पानं बांधून आटवलं, आणि दूध आटलं तसं उरलेलंही आटलं.

आमच्या बाजूला रीत अशी, की जिचं माणूस गेलं आणि जी रडत नाही, तिला रडवायचं. आळीतल्या बायका येऊन बसतात, तिच्या गळ्यात पडतात, गेलेल्याचं एकेक आठवून मोठ्याने रडतात, मग तिचाही बांध फुटतो. आल्या बिचाऱ्या. एकेकीने गळा काढला. माझ्या मुलीला त्यांच्यातल्या निम्म्यांनी नीट पाहिलंही नव्हतं, तरी त्या खऱ्या रडल्या. मी त्यांच्या लुगड्यांचे काठ बघत बसले. कुणाचा काठ कुठे उसवलाय ते मला आजही सांगता येईल. दुसऱ्या दिवशी परत आल्या. मग यायच्या थांबल्या, आणि आळीत बोलणं सुरू झालं: ही रडली नाही तर खुळी होईल, हिला आत्ताच माहेरी धाड.

धाड म्हणजे काय, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. अशी पाठवलेली बाई परत आणायला कुणी जात नाही. सासूने ऐकून घेतलं. "शिमगा होऊ दे," एवढंच म्हणाली. मला त्याचं काही वाटलं नाही. होडीत बसवलं असतं तर बसले असते, आणि उरलेला जन्म भावजयीच्या दारात निवडणं-टिपणं करत काढला असता. आज त्या विचाराने अंगावर काटा येतो. तेव्हा आला नाही.

पाळणा उतरवायला हवा होता. सासूला उतरवणं झालं नाही, मला कुणी सांगितलं नाही, आणि नवऱ्याने त्या खोलीत पाऊल टाकायचं सोडलं होतं. पण रिकामा पाळणा घरात टांगून ठेवू नये म्हणतात. म्हणून सासूने काय करावं? एका दुपारी वरवंटा धुतला, माझ्या मुलीच्या दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात ठेवून दिला. आता पाळणा रिकामा नव्हता.

त्याचा परिणाम असा, की घरात वाटायला वरवंटा उरला नाही. शेजारच्या घरून आणायचा, वाटून झालं की परत द्यायचा. तो आमच्या पाट्यावर बसत नसे, वाटण भरड राहायचं. नवरा मिठागरावरून जेवायला आला की कालवणातले मिरचीचे तुकडे बोटाने बाजूला काढायचा आणि जेवायचा. दुसरा वरवंटा विकत आणावा हे आम्हा तिघांपैकी कुणाच्या मनात आलं नसेल असं नाही.

त्या दिवसांत मी ओल्या-सुक्या मिरच्या किती वाटल्या असतील. हाताची आग व्हायची नाही. एकदा चुलीवरचं भगुणं फडक्याशिवाय उतरवलं. सासू ओरडली तेव्हा कळलं. तळव्याला फोड आले, ते मी बघितले आणि पुढचं काम करायला लागले.

काम संपलं की मागच्या खोलीत पोयांच्या नळीसमोर बसायचं. दुसरीकडे बसले असते तर कुणी बोलायला आलं असतं. माश्या गालावर बसायच्या, घाम चाटायच्या. मी हाकलत नसे. पापणीपर्यंत यायच्या.

बघता बघता त्यांचं घर मला पाठ झालं. काही मी पाहिलं, काही सासूने सांगितलं, आणि उरलेलं पुढे कितीतरी वर्षांनी नातीने तिच्या पुस्तकातून वाचून दाखवलं. एकदा एक मुंगळा नळीत घुसायला गेला. पहारेकरणींनी त्याला डसायचं कशाने? त्यांनी पायावरचा चीक आणून आणून त्याच्या अंगाला फासला. एक थापटते आणि जाते, दुसरी थापटते आणि जाते. तो हलायचा थांबला तरी फासतच होत्या. दुपारपर्यंत मुंगळ्याच्या जागी एक काळा गोळा झाला आणि नळीची भिंत तेवढी जाड झाली. मला तो मुंगळा ओळखीचा वाटला.

दुसरं बघितलं ते असं. रोज सकाळी आतला केर बाहेर यायचा, आणि केरात मेलेल्या माश्या असायच्या. एक जिवंत माशी मेलेलीला धरून नळीच्या तोंडाशी यायची, घेऊन उडायची, खिडकीपलीकडे टाकायची आणि तशीच वळून फुलांकडे जायची. तिला कुणी रड म्हणत नव्हतं. मी मनात म्हटलं, मी हेच तर करतेय, मग मलाच का बसवून घेता?

थंडी ओसरली, शेवगा फुलला, आणि एका सकाळी काही माश्या फुलांकडे न जाता पाळण्याकडे जाताना दिसल्या. पाळणा कितीतरी दिवस हलला नव्हता. त्या दांडीच्या बांबूभोवती फिरायच्या, दोर ओवलेल्या भोकाशी थांबायच्या, आत शिरायच्या. मग येणं-जाणं वाढलं. भिंतीतल्या नळीतून निघायचं, खोली ओलांडायची, बांबूत शिरायचं, परत. जाताना पायाला मेणाचे गोळे आणि पोट मधाने तुडुंब, येताना रिकामं. भोकाच्या कडेला चीक लागला, दोराच्या भोवती नवी नळी वाढायला लागली, पिवळसर, कोवळी.

सासूला दाखवलं. ती कमरेवर हात ठेवून खूप वेळ बघत राहिली.

"नवीन बिऱ्हाड करतान," ती म्हणाली. "सातेरीची, त्या डसनाऱ्या माशीची, म्हातारी रानी आपुन निंगून जाते, जुना घर लेकीला देऊन. पोयाची उलटी. हिच्या म्हातारीला उडता येत नाय. म्हनून लेक जाते. आन लेकीच्या घरा सगला आयच्या घरशी न्यायचा. मेन न्यायचा, मद न्यायचा. लेकीचा बस्तान बसंपर्यंत."

मग नवरदेव आले. बांबूच्या तोंडाशी, छपराच्या सावलीत, माश्यांचा एक घोळका नुसता लटकत असायचा, ना फुलांना जायचा ना डांबराला. सासू म्हणाली, हे नर, लेक बाहेर निघायची वाट बघतात. जानवशातल्या पाव्हण्यांसारखे दिवसभर बसून असायचे. पुढे एक दिवस ते गेले, म्हणजे लेक लग्न लावून बांबूत परत गेली असणार. पण भिंतीतून तिला पोचवणं थांबलं नाही. मी रोज बघायचे, आज जातंय का. जायचं.

शिमग्याच्या आधी ननंद बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण आईकडे, ही रीतच. ती आली आणि मधल्या खोलीत राहिली. माझ्याशी गोड बोलायची, पण मी जवळ बसले की पदर पोटावरून ओढून घ्यायची. आळीतल्या जाणत्या बायकांनी तिला बजावलं असणार: जिचं पोर गेलंय तिची सावली बाळंतिणीवर पडू देऊ नये. मला वाईट वाटलं नाही. मी लांबून जाऊ लागले.

मुलगा झाला. बारशाचा दिवस धरला आणि आता पाळणा लागणार होता.

आदल्या सकाळी सासू स्टूल घेऊन माझ्या खोलीत आली. पाळणा मधल्या खोलीत न्यायचा, आणि त्यासाठी दोर दांडीतून ओढून काढायचे. दोर सुटले तर बांबूतलं घर फुटणार, हे तिलाही दिसत होतं. तिने कमरेला पदर खोचला, स्टुलावर चढली आणि दोराच्या गाठीला हात घातला. माश्या तिच्या केसांत शिरल्या. तिने मान झटकली आणि गाठ सैल करायला लागली.

"आय, नको सोडू," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. "अजून तिला आयच्या घरशी खायला जातंय."

सासू स्टुलावर तशीच थांबली. मधल्या खोलीत तिची लेक होती, जिच्यासाठी ती पहाटे उठून डिंकाचे लाडू वळत होती, अळीव शिजवत होती, जिला शेक देत होती. तिने एकदा दाराकडे बघितलं, एकदा बांबूकडे, आणि मग माझ्याकडे जरा जास्त वेळ. मी इतक्या दिवसांत स्वतःहून काही मागितलं नव्हतं. ती गाठ परत घट्ट करून खाली उतरली.

"मंग पोर हितंच येल," ती म्हणाली.

बारशाला बायका जमल्या आणि पाळणा कुठे आहे ते कळल्यावर कुजबुज सुरू झाली. एक शेजारीण, सगळ्यांत वयस्कर, सरळ बोलली. "सुनेला भायेर बसव. तिच्या डोल्यासमोर नको."

सासू आरतीचं ताट लावत होती. मान वर न करता म्हणाली, "पालना तिच्या खोलीन हाय. तिला काढाची तं पालना काढावा लागंल. आन पालना निंगत नाय, माश्यांनी धरलाय."

मी भिंतीला, नळीच्या बाजूला, उभी राहिले. माश्या डोक्यावरून बांबूकडे जात होत्या. ननंद बाळाला छातीशी धरून दाराजवळ बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

सासूने पाळण्यातून वरवंटा उचलला. सहा-सात महिन्यांची धूळ त्या दुपट्यावर बसली होती. आता तो पाळण्याखालून, पाळण्यावरून द्यायचा. घेणारी समोर हवी. समोर दोघी-तिघी हात पुढे करून होत्या. सासूने त्यांच्या हातात दिला नाही. ती पाळण्याला वळसा घालून भिंतीपाशी आली आणि वरवंटा माझ्या हातात दिला.

जड होता. मुलगी गेली तेव्हा साधारण तेवढीच जड होती. हात आपोआप त्याच्या खाली गेला, दुसरा हात डोक्याला आधार द्यायला वर गेला, आणि तिथे डोकं नव्हतं. दुपट्यातून दगडाचा गारठा कोपरापर्यंत आला. इतका गार. धक्क्यावर ती माझ्या मांडीवर अशीच गार होत गेली होती, आणि मी तिला दुपट्यात आणखी घट्ट गुंडाळत बसले होते, भरती येईल म्हणून.

मी रडले. कशी रडले ते मला सांगता येणार नाही, कारण मला ते ऐकू येत नव्हतं. खाली बसले, वरवंट्याला पोटाशी धरून. गळा काढायला या वेळी कुणाला यावं लागलं नाही. बाळ घाबरून रडायला लागलं. त्या वयस्कर शेजारणीने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "रडली गो बाय. सुटली." बारसं थांबलं. सासू म्हणाली, थांबू दे, कुठे जायचंय कुणाला.

माझं रडणं ओसरल्यावर तिने बाळाला पाळण्यात घातलं. दांडी हलली नाही, नुसती कुरकुरली. माश्या येत-जात होत्या. ननंदेने पाळण्याची दोरी उचलली, जरा वेळ हातात धरून ठेवली आणि म्हणाली, "वयनी, धर."

मी एका हाताने दोरी धरली. दुसऱ्या हातात वरवंटा होता, तो मी कुणाला दिला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

माहेरी धाडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढे काही दिवसांनी भिंत आणि बांबू यांच्यामधली ये-जा कमी झाली, आणि मग थांबली. बांबूतल्या माश्या आता थेट खिडकीतून शेवग्यावर जायच्या.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुपटं धुऊन वाळत घातलं आणि वरवंटा पाट्यावर ठेवला. तो बरोबर बसला. सुकी मिरची, खोबरं, लसूण घेतली, आणि वाटण अगदी लोण्यासारखं निघालं. नवरा बारशासाठी घरी थांबला होता. त्याला ताटात बाजूला काढायला काही सापडलं नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि भात मागितला.

दुपारी हातांची आग व्हायला लागली. आधी बोटांच्या पेरांत, मग जुन्या फोडांच्या डागांवर, मग सगळ्या तळव्यांची. पाण्यात बुडवले, राख लावली, काही होईना. सासू ओट्यावर सूप घेऊन बसली होती. तिला जाऊन सांगितलं, हात जळतायत माझे.

सासूने सूप खाली ठेवलं. माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे बघितले.

"खोबरेल लाव," ती म्हणाली, आणि बाटली आणायला स्वतःच उठली.